सरळ रूप द्या

बीजगणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असे मी समजून चाललो होतो. वाणिज्य शाखेला आलो त्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत हे एक होते आणि ते मी घरी कुणाला सांगितले नव्हते. जमाखर्च लिहायचा, ताळेबंद जुळवायचा, व्याज काढायचे, एवढ्यावर भागेल अशी माझी समजूत. पण गेल्या वर्षी चौथ्या सत्राची परीक्षा झाली आणि आईने मला इंदूरला मावशीकडे पाठवले. "सुट्टी घरात लोळून घालवू नकोस. तिथे स्पर्धा परीक्षांचे चांगले वर्ग आहेत, दोन महिने बसून बघ," असे तिचे म्हणणे. अशा रीतीने मी भंवरकुआंला जाऊन पोचलो आणि सोडून दिलेले बीजगणित तिथे पुन्हा माझ्या वाटेत आले.

भंवरकुआं हा इंदूरमधला एक चौक. चौकाचे नाव २०२१ साली बदलले आणि टंट्या मामांच्या नावाने तो आता ओळखला जावा अशी अपेक्षा आहे. परंतु रिक्षावाले आणि विद्यार्थी भंवरकुआंच म्हणतात. नावात कुआं आहे, म्हणजे विहीर. मला मात्र दोन महिन्यांत ती कुठे दिसली नाही. दिसल्या त्या पाट्या. एकावर एक, चार चार मजले पाट्या. राज्यसेवा, बँक, रेल्वे, पटवारी, शिक्षक भरती. जवळच होळकर विज्ञान महाविद्यालय, १८९१ सालचे. खंडवा रस्त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर. पण या भागातली खरी वस्ती ती खरगोन, बडवानी, धार, झाबुआ, खंडवा इथून आलेल्या मुलामुलींची. एका खोलीत तिघे, भिंतीवर नकाशा, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. सकाळी पोह्याच्या गाडीपाशी हीच मुले हातात चालू घडामोडींचे पुस्तक धरून उभी असतात आणि पोहे कधी संपले ते त्यांना कळत नाही.

मावशी लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी बेळगावहून इंदूरला गेली. काकांचे दुकान चालेनासे झाले तेव्हापासून ती या मुलांसाठी खानावळ चालवते. तिथे तिला 'टिफिन' म्हणतात. दोन वेळचे डबे, महिन्याचे पैसे आगाऊ. तिच्या मराठीत आता निम्मी हिंदी आहे आणि तिला ते माहीत नाही.

वर्गाचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. मास्तरांनी फळ्यावर एक राशी लिहिली आणि ती सोडवण्याची सुरुवात कशी कराल, असे विचारले. माझा हात वर गेला. आता मी मराठी माध्यमातला. हिंदी मला सिनेमापुरती येते. मी उभा राहून म्हटले, "पहले अवयव पाडेंगे." क्षणभर शांतता झाली आणि मग सगळा वर्ग खो खो हसू लागला. हिंदीत अवयव म्हणजे हातपाय, आणि ते मी पाडायला निघालो होतो! मास्तरही हसले, पण त्यांनी मला सांभाळून घेतले. "गुणनखंड बोलो, बेटा." मी खाली बसलो आणि पुढचे आठ दिवस हात वर केला नाही.

एक गोष्ट मात्र त्या आठ दिवसांत घडली. हिंदीत मसाविला 'महत्तम समापवर्तक' म्हणतात. हा शब्द फळ्यावर आला तेव्हा मला तो अनोळखी वाटला नाही. आमच्या घरात मराठी आणि गल्लीत कानडी. शेजारच्या मुलाबरोबर मी लहानपणी अभ्यास करत असे. त्याच्या कानडी पुस्तकात मसाविच्या जागी 'मसाअ' होते, महत्तम सामान्य अपवर्तन. आपण ज्याला अवयव म्हणतो त्याला कानडी मुले अपवर्तन म्हणतात. मराठीने मला वर्गात हसे करून घ्यायला लावले आणि कानडीने मला हिंदी समजावली! पुढे परत आल्यावर ग्रंथालयात पाहिले, तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत अपवर्तन हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ दोन्ही संख्यांना एकाच संख्येने भाग देऊन त्या लहान करणे, म्हणजे आपण अंश-छेदाचे जे करतो तेच. कानडीने तो शब्द जपला, हिंदीने जपला, आपण मराठीने तेवढा तो सोडून दिला. आपल्या पुस्तकात असते ते 'सरळ रूप द्या'. तेही काही वाईट नाही म्हणा.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या परीक्षेसाठी हे वर्ग होते तिच्यात साठ मिनिटांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांत अवयव पाडणे, समान अवयव शोधणे, खोडणे, उत्तर लिहिणे हे सगळ्यांना जमत नाही. त्यावर तिथे एक तोड आहे. चार पर्याय दिलेलेच असतात. क्षच्या जागी एखादी सोपी संख्या घाला, राशीची किंमत काढा, मग तीच संख्या पर्यायांत घाला. ज्याची किंमत जुळेल ते उत्तर. मास्तर म्हणत, "गुणनखंड के चक्कर में मत पड़ो. ज़ीरो रखो, ऑप्शन देखो, आगे बढ़ो." मला ही रीत इतकी आवडली की काय सांगू! शाळेत जे तीन वर्षांत जमले नाही ते तीन मिनिटांत आले.

पंधराव्या दिवशी सराव परीक्षेत हा प्रश्न होता. अंशात क्षवर्ग − ९, छेदात क्षवर्ग − ५क्ष + ६. सरळ रूप द्या. मी क्षच्या जागी शून्य घातले. वर उरले −९, खाली ६. म्हणजे उणे दीड. पहिला पर्याय होता: अंशात −९, छेदात ६ − ५क्ष. त्यात शून्य घातले, उणे दीड. जुळले. मी खूण केली आणि पुढे गेलो. वेळ लागला असेल वीस सेकंद.

उत्तर चूक. बरोबर उत्तर तिसऱ्या पर्यायात होते: क्ष + ३ भागिले क्ष − २. त्यातही शून्य घातले तर उणे दीडच येते! दोन्ही पर्याय शून्यापाशी जुळत होते. मी पहिला पाहून थांबलो. एक घातला असता तर कळले असते. मूळ राशीची किंमत तेव्हा −४ येते, तिसऱ्या पर्यायाचीही −४, आणि माझ्या लाडक्या पर्यायाची −९. माझ्या शेजारी बसणाऱ्या खरगोनच्या मुलाने ते केले होते. "दो जगह मैच हो तो दूसरी वैल्यू रखते हैं, ये तो सर ने बताया था," तो म्हणाला. बताया होता, हे खरे. मी तेवढे ऐकले नव्हते. दोन गुण गेले, शिवाय चुकीबद्दल अर्धा.

गुण गेल्याचे मला फारसे वाटले नाही. मी चरकलो तो वेगळ्या कारणाने. तो चुकीचा पर्याय मी ओळखत होतो. वरचा क्षवर्ग आणि खालचा क्षवर्ग एकमेकांवर काट मारून खोडले की जे उरते, तेच ते. नववीत मी हेच करत असे आणि याच चुकीसाठी आमच्या सरांनी मला फळ्यापाशी उभे केले होते. सर जुन्या वळणाचे, पुस्तकात काहीही छापलेले असो, ते क्षच लिहीत. त्यांनी फळ्यावर लिहिले: तीन अधिक पाच, भागिले तीन अधिक सात. "खोड." मी दोन्ही तीन खोडले. "काय उरलं?" पाच सप्तमांश. "आता बेरीज करून बघ." आठ दशांश, म्हणजे चार पंचमांश. "पाच सप्तमांश आणि चार पंचमांश सारखे आहेत का रे?" मी मान खाली घातली. सर म्हणाले, "गुणाकाराला कात्री लागते. अधिक-उण्याच्या चिन्हावरून कात्री चालवायची नाही. जो संबंध भागतो तोच खोडता येतो, त्याचा एक तुकडा नव्हे."

मग त्यांनी एक गंमत केली. सोळा भागिले चौसष्ट लिहून दोन्हींतला सहा खोडला आणि उरले एक चतुर्थांश, जे बरोबर आहे! एकोणीस भागिले पंचाण्णव, यातले नऊ खोडा, एक पंचमांश, तेही बरोबर. "रीत चूक, उत्तर बरोबर," सर म्हणाले. "अशा वेळी फार जपायचं." त्या वेळी मला ती नुसती जादू वाटली होती.

भंवरकुआंच्या त्या प्रश्नात खोडण्याची वाट मी धरलीच नव्हती. अवयव पाडले असते तर दिसले असते: वर (क्ष + ३) आणि (क्ष − ३), खाली (क्ष − २) आणि (क्ष − ३). दोन्हीकडचा क्ष − ३ जातो. आणि सर असते तर लगेच खडू रोखून म्हणाले असते, "कोणत्या अटीवर?" कारण क्ष जर तीन असेल तर आपण शून्याने भागले. सरळ रूपात तीन घाला, सुखाने सहा येते. मूळ राशीत घाला, शून्यावर शून्य. म्हणजे ही दोन रूपे सगळीकडे सारखी आहेत, एक जागा सोडून. ती जागा खोडल्यानंतर दिसत नाही, म्हणून खोडण्याआधी लिहून ठेवायची. परीक्षेत ही अट न लिहिल्याबद्दल सर अर्धा गुण कापत आणि आम्ही त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असू.

शून्याने मोठमोठ्यांना चकवले आहे, याचे मला त्या दिवसांत थोडे समाधान वाटले. आपल्या कर्नाटकातला महावीर, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, सुमारे ८५० सालचा. गणितसारसंग्रह हा त्याचा ग्रंथ. अपूर्णांकांचा तो मोठा जाणकार. छेदांचा लसावि काढून बेरीज करायची रीत त्याने दिली आहे आणि त्या लसाविला तो 'निरुद्ध' म्हणतो. पण तोच महावीर सांगतो की एखाद्या संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते. त्यानंतर तीनशे वर्षांनी, ११५० साली भास्कराचार्य. त्यांचे गाव विजापूर की चाळीसगावजवळचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या भागात अशा वादाचे कुणाला नवल वाटायचे नाही. लीलावतीत त्यांचे एक उदाहरण आहे: एक संख्या शून्याने गुणली, तिच्यात तिचे निम्मे मिळवले, तिने गुणले आणि शून्याने भागले तर त्रेसष्ट आले, ती संख्या कोणती? उत्तर चौदा. चौदा आणि सात एकवीस, तिप्पट त्रेसष्ट. शून्याने गुणणे आणि शून्याने भागणे त्यांनी एकमेकांवर खोडून टाकले! आमच्या सरांनी अर्धा गुण कापला असता. पण भास्कराचार्य हे भाबडेपणाने करत नाहीत. पुढे शून्याने भागायचे बाकी असेल तर शून्याचा गुणाकार तसाच उभा ठेवा, लगेच शून्य म्हणून टाकू नका, असे ते बजावतात, आणि या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे असेही सांगतात. अगदी शून्य नव्हे, शून्याच्या अगदी जवळ, असे काही त्यांच्या मनात असावे, असे मला वाटते. व्यवसाय गणितात आपण सीमा शिकतो तेव्हा हेच करतो. तीनच्या जवळ जवळ जात राहिलो तर ती राशी सहाच्या जवळ जाते.

हे सगळे ग्रंथालयातले ज्ञान झाले. भंवरकुआंला माझ्या हातून जे झाले ते लिहायचे मी टाळतो आहे.

माझ्या मुक्कामाच्या पाचव्या आठवड्यात मावशीच्या बारा मुलांनी कुरबूर सुरू केली. सगळी एकाच वसतिगृहातली. पलीकडच्या गल्लीत चोवीसशेत डबा मिळतो, तुम्ही पंचवीसशे घेता, कमी करा नाही तर आम्ही जातो. मावशीकडे तेव्हा साठ मुले होती. रात्री भांडी आवरून ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "तू कॉमर्सवाला आहेस ना, तूच बघ. परवडेल की नाही एवढंच सांग."

मला किती मोठेपणा वाटला! मी वही ओढली. दोन बायांचा पगार सोळा हजार, स्वयंपाकाच्या जागेचे भाडे चौदा हजार, डबे पोचवणाऱ्या मुलाला सहा हजार. मुले किती का असेनात, हे छत्तीस हजार ठरलेले. शिवाय धान्य, भाजी, तेल, गॅस मिळून दर मुलामागे सोळाशे. साठ मुलांचे शहाण्णव हजार, अधिक छत्तीस हजार, एक लाख बत्तीस हजार. भागिले साठ. माणशी बावीसशे. "चोवीसशे घेतलेस तरी दोनशे सुटतात," मी सांगितले. "बारा मुलं जाण्यापेक्षा हे बरं." त्या महिन्यापुरता तो सल्ला चूक नव्हता; आजही मी तो हिशोब तपासला तर बरोबर येतो. बावीसशे हा आकडा मावशीने वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली. मी ती चौकट काढू दिली.

माणशी खर्च बावीसशे नव्हताच. मुलांची संख्या म धरली तर तो होता छत्तीस हजार अधिक सोळाशे म, भागिले म. सरळ रूप दिले तर सोळाशे, आणि छत्तीस हजार भागिले म. सोळाशेचा म जातो, छत्तीस हजारांखालचा जात नाही. तो तिथेच बसून राहतो. मी मच्या जागी साठ घातले, एक किंमत काढली, ती जुळली आणि मी पुढे गेलो. वीस सेकंद.

सुट्टी संपवून मी बेळगावला परतलो. पुढच्या महिन्यात तिकडे एक मोठी परीक्षा आटोपली आणि मुले गावाला गेली. साठाची चाळीस झाली. दर वर्षी होतात, असे मावशी म्हणते. मी विचारले असते तर तिने त्या रात्रीही सांगितले असते. चाळीस मुलांमागे छत्तीस हजार म्हणजे माणशी नऊशे, अधिक सोळाशे: पंचवीसशे. जुन्या दरात ना नफा ना तोटा झाला असता. ती घेत होती चोवीसशे. महिन्याला चार हजार खिशातून. एकदा उतरवलेला दर मुले पुन्हा चढू देत नाहीत. दोन महिने तिने असे काढले आणि मग पोळ्या लाटणाऱ्या बाईंना सांगितले की आता जमायचे नाही. त्या बाई मावशीकडे सहा वर्षे होत्या. तेव्हापासून रोजच्या सगळ्या पोळ्या मावशी स्वतः लाटते. तिचा उजवा खांदा दुखतो, हे मला आईकडून कळले. बाकीचे मी खोदून खोदून विचारले तेव्हा कळले. मावशीने मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. तिला बहुधा असे वाटते की माझा हिशोब बरोबर होता आणि तिचे नशीब खोटे.

तसे नाही, हे तिला पटवायला मी एक तक्ता केला. डावीकडे मुलांची संख्या, तीस ते ऐंशी, पाच पाचच्या अंतराने. उजवीकडे माणशी खर्च, एक बाई असताना आणि दोन असताना. तीसला किती, पंचेचाळीसला किती. मुले कितीही वाढली तरी सोळाशेच्या खाली कधी जाणार नाही, हेही खाली लिहिले. फोटो काढून पाठवला आणि फोन केला.

तिने तो नीट पाहिला होता. आता पन्नास मुले आहेत, म्हणाली, आणि पंचावन्न झाली की त्या बाईंना परत बोलावणार आहे. तक्त्यात तेवढं जमतंय. मला फार बरे वाटले. मग ती म्हणाली, "हे तीसपासूनच का सुरू केलंस?"

मी म्हटले, "तीसच्या खाली कशाला जातील मुलं?"

"वीसमध्ये गेली होती ना," ती म्हणाली. २०२० म्हणायचे होते तिला. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, वर्ग बंद झाले, मुले मिळेल त्या वाहनाने आपापल्या गावी निघून गेली आणि भंवरकुआंच्या खोल्यांना कुलपे लागली. मी तेव्हा शाळेत होतो. "एक डबा नव्हता कितीतरी महिने. तुझ्या तक्त्यात शून्याचं घरच नाही."

"शून्याला माणशी खर्च निघत नाही मावशी," मी म्हटले. "छेदात शून्य चालत नाही."

"माणशी नाही निघत, ते मलाही समजतं रे," मावशी म्हणाली. "भाडं तर द्यावंच लागलं."